ल्यांग शीफू आणि चांगल्या बातम्या

इंदूरच्या लालबागेत सकाळी फिरायला गेलात तर राजवाड्याच्या मागच्या बाजूला तुम्हाला चार-पाच म्हातारे उलटे चालताना दिसतील. म्हणजे तोंड पुढे आणि चाल मागे. मध्येच थांबून ते आपल्याच दंडांवर, मांड्यांवर फटाफट चापट्या मारतात आणि पुन्हा मागे मागे जायला लागतात. नवीन माणूस बिचकतो. परवा एका बाईंनी मला विचारलंच, "दीदी, ये कौन सा योगा है?" मी म्हटलं, योगा-बिगा काही नाही, ही ल्यांग शीफूंची कृपा. मग ल्यांग शीफू कोण ते सांगणं आलं, आणि सांगता सांगता माझी फिरायची वेळ संपून गेली. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आज चालणं शून्य आणि बोलणं भरपूर. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "मग रोजच्यासारखंच की."

मी माधवी. जन्म इंदूरचा, माहेर तिथल्याच 'जुनी इंदूर' मोहल्ल्यातलं, घर मराठी, आणि शिकले चिनी भाषा. यावर आमच्या नातेवाइकांत अजून चर्चा चालते. दिल्लीत शिकले, वर्षभर तिकडे चीनमध्ये राहून आले, आणि शेवटी बेटम्याच्या रस्त्यावरच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात दुभाषी म्हणून चिकटले. कारखान्यात डबे आणि झाकणं बनतात. यंत्रं चीनची, म्हणून ती बसवायला आणि आमच्या लोकांना शिकवायला माणसंही तिकडून येतात. काही महिने राहतात, डाळीला कंटाळतात आणि जातात. ल्यांग शीफू मात्र दोन वर्षांच्या करारावर आले होते. साठीला टेकलेला, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. केस काळेभोर रंगवलेले, आणि मुळाशी पांढरे दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी पुन्हा काळे.

शीफू म्हणजे उस्ताद. तिकडे कारखान्यातल्या जुन्या कारागिराला असंच म्हणतात. ते मला 'मा लाओशी' म्हणायचे, म्हणजे 'मा बाई', शाळेतल्या बाई असतात तशा. कारखान्यातल्या पोरांनी तर पहिल्याच आठवड्यात त्यांचे 'ल्यांग भिया' करून टाकले. आमच्याकडे भिया, म्हणजे भाऊ, व्हायला वय, जात, देश काही लागत नाही.

त्यांना कंपनीनं लालबागेजवळ फ्लॅट दिला होता आणि मी राहते जवळच, म्हणून रोज सकाळी एकाच गाडीनं आम्ही कारखान्यात जायचो. त्यांच्याकडे एक स्टीलचा थर्मास असायचा. त्यात गरम पाणी. इंदूरचा मे महिना, बाहेर डांबर वितळतंय, आणि हा गृहस्थ फुंकर मारून गरम पाणी पितोय. थंड पाण्यानं पोट गार पडतं आणि मग सगळे रोग होतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. ऑपरेटरची दाढ दुखली, गरम पाणी. मॅनेजरसाहेबांची कंबर धरली, गरम पाणी. माझं आणि नवऱ्याचं एकदा भांडण झालं होतं आणि गाडीत माझं तोंड फुगलेलं होतं, तर शीफूंनी काही न विचारता थर्मासचं झाकण भरून माझ्यासमोर धरलं. प्यायले. राग गेला नाही, पण जीभ भाजल्यामुळे बोलणं बंद झालं, तेवढाच नवऱ्याला आराम.

पोह्यांबरोबर जलेबी हा प्रकार पहिल्या दिवशी त्यांना चूकच वाटला. कोणाची तरी मिठाई चुकून आपल्या प्लेटमध्ये आली असं समजून त्यांनी ती दोन्ही हातांनी दुकानदाराला परत केली. दुकानदारानं प्रेमानं आणखी एक वाढली. ल्यांग शीफूंनी तीही परत केली. मी मध्ये पडले नसते तर हे दुपारपर्यंत चाललं असतं. पुढे मात्र त्यांना जिरावनचं असं वेड लागलं की पोह्यांवरचा तो मसाला ते उकडलेल्या अंड्यावर, भातावर, आपल्या नूडल्सवर, सगळ्यावर भुरभुरायला लागले.

लालबागेतला मामला असा. ते तिथे एकटेच उलटे चालायचे. तिकडच्या बागांतून म्हातारी माणसं अशीच चालतात, गुडघ्यांना बरं असतं म्हणे. आता इंदूरच्या माणसासमोर तुम्ही काही विचित्र केलंत आणि त्यानं चौकशी केली नाही, असं थोडीच होतं. तिथे पुराणिक काकांची मंडळी रोज फिरायची. पुराणिक काका म्हणजे बंद पडलेल्या एका मिलच्या ऑफिसातून घरी बसलेले, उंच, किडकिडीत, मोठ्या आवाजाचे. त्यांनी ल्यांग शीफूंना गाठलं आणि मी रविवारी गेले तेव्हा मला दुभाषी म्हणून उभं केलं. प्रश्न सुरू झाले. मुलं किती, बायको कुठे, पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं. मी शरमेनं अर्धे गाळणार होते, पण ल्यांग शीफू खुशीत उत्तरं देत होते. बायको वारली. मुलगी एक, मिन नावाची, बत्तीस वर्षांची, मोठ्या शहरात मोबाइलच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सगळं छान आहे.

परतताना ते म्हणाले, "मा लाओशी, आमच्या जुन्या गल्लीत लोक असेच विचारायचे. आता तिकडे मी ज्या इमारतीत राहतो तिथे समोरच्या दाराआड कोण राहतं, त्याचं आडनाव मला माहीत नाही." मग बराच वेळ ते त्यांच्या गावाबद्दल बोलत राहिले. लहानपणी घरात तेल रेशनवर यायचं आणि आई ते थेंबाथेंबानं वापरायची. आता डॉक्टर सांगतात, तेल कमी खा. भाताची खाचरं होती तिथे कारखाने आले, कारखाने गेले आणि मॉल आले. "मी गाव न सोडता वेगवेगळ्या शहरांत राहिलो," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्यानं हसले. हसणं त्यांचं फार छान होतं, सगळा चेहरा वापरून हसायचे.

घरी पाठवायची बातमी चांगलीच असली पाहिजे, असा त्यांचा नियम होता. हा त्यांचा एकट्याचा नव्हे, मी तिकडे राहिले तेव्हाही घरोघर पाहिला होता. परगावी गेलेल्या माणसानं घरच्यांना सुख तेवढं कळवायचं, दुःख आपल्यापाशी ठेवायचं. घरच्यांनीही तेच करायचं. म्हणजे दोन्हीकडे सगळं छान. एकदा कारखान्यात शिडीवरून पडून त्यांचा डावा हात मोडला. प्लास्टर घालून दवाखान्याबाहेर आलो तर म्हणाले, "मा लाओशी, माझा एक फोटो काढा, पण उजव्या बाजूनं." मग त्यांनी उजव्या हातात पेरू धरला, हसले, मी फोटो काढला आणि तो लगेच मिनला गेला. आमच्या कारखान्यातले दुसरे चिनी इंजिनियर हू साहेब बरोबर होते. चाळिशीचे, सदा हसतमुख, पार्टीत गाणारे. ते म्हणाले, अजून थोडे वळा, प्लास्टरची कड दिसतेय. दोघांनाही यात काही वेगळं वाटत नव्हतं.

मिनचाही रोज एक फोटो यायचा. आम्ही सकाळी गाडीत असायचो तेव्हा तिकडे जेवणाची वेळ झालेली असायची. ऑफिसच्या कॅन्टीनमधलं ताट, त्यात भात, मासा, हिरवी भाजी, मागे खिडकी. ल्यांग शीफू तो फोटो बोटांनी मोठा करून पाहायचे, मला दाखवायचे, आणि उत्तर लिहायचे. मासा ताजा दिसतोय. भाजी जास्त घे. थंड काही पिऊ नकोस.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा लागला आणि ते सुकायला लागले. झोप येईना. छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटतं म्हणाले. केसांची मुळं पांढरी दिसायला लागली आणि तशीच राहिली. तेव्हा मला खरी काळजी वाटली. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. ते मला म्हणाले, "मॅडम, इनसे पूछिए, कोई टेंशन है क्या? मन कैसा रहता है?" मी विचारलं. ल्यांग शीफू म्हणाले, मन ठीक आहे, यकृतात उष्णता वाढली आहे. मी जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "लिवर तो इनका मुझसे बढ़िया है."

बाहेर आल्यावर ल्यांग शीफू म्हणाले की हा आजार त्यांना नवा नाही. तिकडचा त्यांचा जुना कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्या वस्तीला हा झाला होता, डोक्याच्या नसा थकतात, झोप जाते, जेवण जात नाही. मी विचारलं, म्हणजे सगळे दुःखी होते? ते जरा चिडून म्हणाले, "दुःखी कोण म्हणालं? नसा थकल्या होत्या." त्यांच्या पिढीत मन आजारी पडायला मिळतच नसे, त्याच्या वतीनं यकृत आजारी पडायचं.

मग एक दिवस धार रोडवर कसला तरी जाम लागला आणि आमची गाडी ट्रकांच्या मध्ये अडकून राहिली. मिनचा फोटो आला. त्यांनी नेहमीसारखा मला दाखवला. मी म्हटलं, "हिच्याकडे रोज नवं काहीतरी, आणि आपल्या कॅन्टीनमध्ये रोज लौकीची भाजी." ते हसले नाहीत. त्यांनी फोटो मोठा केला, खिडकीचा कोपरा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "बाहेरचं झाड पाहा." झाडाला एक पान नव्हतं.

"तिकडे आता सगळं हिरवं असतं," ते म्हणाले. "हा थंडीतला फोटो आहे. सगळे थंडीतलेच आहेत. ती जुने फोटो पाठवते."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. झाड लक्षात आल्यावर त्यांनी तिच्या ऑफिसात फोन केला होता. तिकडच्या नववर्षानंतर ती येत नाही, माणसं कमी केली त्यात तीही गेली, असं कोणीतरी सांगितलं. म्हणजे कित्येक महिने पोरगी भाड्याच्या खोलीत बसून होती आणि रोज जेवणाच्या वेळेला बापाला जुन्या जेवणाचा फोटो पाठवत होती. आणि बाप सगळं माहीत असून लिहीत होता, मासा ताजा दिसतोय.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "शीफू, तुम्ही तिला विचारलं का नाही? एकटी पोर, काय करते, काय खाते, जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर?" ड्रायव्हरला चिनी येत नव्हतं, पण माझा आवाज ऐकून त्यानं आरशातून पाहिलं.

ते शांतपणे म्हणाले, "विचारलं तर ती मरेल. मला माहीत आहे. मी त्या बाकावर बसलेलो आहे."

आणि त्या ट्रकांच्या गर्दीत त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. ते तरुण असताना शिलाई मशीन बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात होते. तो नुसता कारखाना नव्हता. वस्ती त्याची, शाळा त्याची, दवाखाना त्याचा, अंघोळीचा हमामखानाही त्याचाच. आणि जन्मभराची नोकरी. तो एकदम बंद झाला. "दुसऱ्या दिवशी अंघोळ कुठे करायची तेही आम्हाला कळेना," ते म्हणाले. घरी बायकोला त्यांनी सांगितलं नाही. सकाळी नेहमीच्या वेळेला कामाचे कपडे घालून, डबा घेऊन, सायकलवर निघायचे आणि कालव्याकाठच्या बाकांवर जाऊन बसायचे. तिथे कारखान्यातले बाकीचेही असायचे, आपापला डबा घेऊन आलेले. पत्ते खेळायचे. पूर्वी भोंगा व्हायचा त्या वेळेला डबे उघडायचे. संध्याकाळी सुट्टीच्या वेळेला घरी.

"आणि तुमच्या बायकोला कळलं नाही?"

"तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्या वस्तीला माहीत होतं. कारखान्याच्या दाराला कुलूप होतं, मा लाओशी. तिनं कधी विचारलं नाही. रोज डबा भरून दिला. फक्त त्या वर्षी डब्यात एक अंडं जास्त असायचं. पुढे मला दुरुस्तीचं काम मिळालं. ती वारली, पण त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तिनं विचारलं असतं तर मी कालव्यात उडी टाकली असती. आता मी मिनला लिहितो की मासा ताजा आहे. ते माझं अंडं आहे."

जाम सुटला, गाडी निघाली, आणि कारखाना येईपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्या बाईबद्दल मला इतकी माया वाटली की सांगता येत नाही. पण त्या पोरीची काळजी काही डोक्यातून जाईना. मी त्यांच्यामागे भुणभुण लावायला सुरुवात केली. रोज गाडीत विचारायचे, आज विचारलंत का? ते रोज नकारार्थी मान हलवायचे आणि थर्मास उघडायचे.

पुढे काय झालं ते पुराणिक काकांमुळे झालं, आणि काकांना स्वतःला हे आजही माहीत नाही. काकांच्या पत्नी, सुधाकाकू, आदल्या थंडीत वारल्या होत्या. रविवारची सकाळ होती. फिरणं झालं होतं, सगळी मंडळी कट्ट्यावर बसून पोहे खात होती, ल्यांग शीफू आणि मी पण. कोणीतरी सहज म्हणालं, "क्यों काका, आज ढीले-ढीले?"

काका आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "अरे काय सांगू, काल रात्रभर रडत बसलो. कपाट आवरायला काढलं तर सुधाची शाल हाताला लागली. मन लागतच नाही रे. सकाळी उठून करायचं काय, हेच कळत नाही." आणि सगळ्यांसमोर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायच्या भानगडीत पडले नाहीत, प्लेट हातातच होती.

कोणी इकडेतिकडे पाहिलं नाही. एकजण म्हणाला, "माझी गेली तेव्हा मी पण असाच होतो, वर्षभर." दुसऱ्यानं आपली जलेबी उचलून काकांच्या प्लेटमध्ये ठेवली. तिसरा म्हणाला, "उद्या दुपारी जेवायला माझ्याकडे, ना-नुकर नहीं." काका रडत रडत जलेबी खायला लागले.

ल्यांग शीफूंनी माझी बाही ओढली. काय झालं ते सांगा म्हणाले. मी सांगितलं, एकेक वाक्य.

"हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं?"

"हो."

"आणि उद्या तो इथे परत येईल?"

मी म्हटलं, "येईल की. न येऊन जातो कुठे?"

ते पोहे तसेच ठेवून बसून राहिले. फाटकाकडे चालायला लागलो तेव्हा सरळ चालत होते, मागे हात बांधून. फाटकाशी आल्यावर थांबले आणि म्हणाले, "मा लाओशी, मी चुकलो. बाकावर आम्ही पुष्कळ जण होतो. कोणी काही बोलत नव्हतं, पण सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं. डबे उघडले की एकमेकांच्या डब्यातलं खायचो. आम्ही सगळे एकदम पडलो होतो. मिनच्या बाकावर ती एकटी आहे. विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर. तिथे माझं अंडं पोचतच नाही."

त्याच दुपारी ते आमच्या घरी आले. मदत नको होती, मिनला काय लिहायचं ते त्यांचं ठरलं होतं. पाठवताना शेजारी कोणीतरी हवं होतं इतकंच. आमच्या सोफ्याच्या टोकाला बसून त्यांनी एका बोटानं तो लांबच लांब मेसेज लिहिला. त्यात तिला एकही प्रश्न नव्हता. फक्त बाकाची गोष्ट होती. कारखाना बंद झाला होता, मी रोज डबा घेऊन कालव्यावर जाऊन बसायचो, मला फार लाज वाटायची, मला जगावंसं वाटत नव्हतं. हे मी तुझ्या आईलाही सांगितलं नाही. आता इथे मला झोप येत नाही, आणि माझा हातही मोडला होता, तेही तुला सांगितलं नाही. लिहून झालं, मला वाचायला दिलं, परत घेतलं, आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

मग वाट पाहणं. नवऱ्यानं चहा केला. ल्यांग शीफूंसाठी गरम पाणी. टीव्ही लावला, बंद केला. तिनं वाचलेलं दिसत होतं, उत्तर नव्हतं. मला राहून राहून वाटत होतं, की मी भुणभुण लावून काहीतरी भलतं तर घडवलं नाही. ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला.

त्यांनी वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. मिननं लिहिलं होतं: "मला माहीत आहे बाबा. मी तुम्हाला पाहिलं होतं. शाळेतून मी कालव्यावरूनच यायचे. तुम्ही पत्ते खेळत होतात. मी दिसले तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी बाजाराच्या रस्त्यानं यायला लागले. तो रस्ता लांब होता."

ल्यांग शीफू रडले. आवाज न करता, गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून. मीही रडले. माझा नवरा, ज्याला चिनीचं अक्षर कळत नाही, तो कपबशा उचलून आत गेला आणि बराच वेळ एकच कप धुवत राहिला. एवढीशी पोर, शाळेचं दप्तर घेऊन, बापाची अब्रू राखायला लांबच्या रस्त्यानं घरी जाते. आणि बत्तिसाव्या वर्षापर्यंत त्याच रस्त्यानं जात राहते.

पाठोपाठ दुसरा मेसेज आला. घराबाहेर पडवत नाही. कित्येक दिवस पडदे उघडलेले नाहीत. मनाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवते, खाली लिफ्टपर्यंत जाते आणि परत येते. एकटीला जाववत नाही.

ल्यांग शीफूंनी लिहायला घेतलं. मी शेजारून पाहत होते. 'लवकर झोपत जा, गरम पाणी,' इथपर्यंत लिहिलं, थांबले, आणि सगळं पुसून टाकलं. मग फक्त लिहिलं, 'येतो.'

करार अर्धा राहिला होता. मॅनेजरसाहेबांच्या खोलीत आम्ही बसलो, हू साहेबही होते. साहेबांनी कारण विचारलं. ल्यांग शीफूंनी हू साहेबांकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, घरगुती कारण आहे असं सांगा. मी तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "बाकी सब ठीक है ना?" ते म्हणाले, सगळं छान आहे. मी तेही सांगितलं. जन्माची सवय एका संध्याकाळी जात नसते, आणि दुभाष्यानं आपल्या पदरचं घालायचं नसतं.

विमानतळावर सोडायला मी आणि नवरा, हू साहेब आणि मारुतीत कोंबून आलेली लालबागेची मंडळी. पुराणिक काकांनी शेवेची आणि जिरावनची पाकिटं आणली होती, ती बॅगेत कोंबता कोंबता बॅग दोनदा उघडावी लागली. काकांनी त्यांना मिठी मारली. ल्यांग शीफूंना मिठीची सवय नाही, ते खांबासारखे उभे राहिले, पण त्यांनी काकांच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. केस पुन्हा काळेभोर होते. मुलीला भेटायला जायचं म्हणून आदल्या दिवशी रंगवले होते.

दारावरच्या जवानानं पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं. हसून म्हणाला, "चाइना? छुट्टी में घर जा रहे हो, अंकल?"

सवयीनं मी पुढे झाले. ल्यांग शीफूंनी हात आडवा केला. त्यांचं हिंदी सगळं मशीनवर पोरांकडून शिकलेलं.

"छुट्टी नहीं," ते म्हणाले. "बेटी बीमार."

"अरे, क्या हुआ उसको?"

त्यांनी छातीवर हात ठेवला. या खेपेला यकृताचं नाव घेतलं नाही. "मन," ते म्हणाले. "मन बीमार. घर में अकेली. मैं जाएगा, साथ बैठेगा."

मागे रांग होती, सगळ्यांना ऐकू गेलं. हू साहेब माझ्या शेजारीच उभे होते, त्यांनाही, आणि एवढं हिंदी त्यांना येत होतं. जवानानं पासपोर्ट परत दिला आणि म्हणाला, "जाइए अंकल. जल्दी जाइए." ल्यांग शीफू बॅग ओढत आत गेले, आणि काचेच्या दारामागे माणसांत दिसेनासे झाले.

मंडळी गाड्यांकडे वळली. हू साहेब हलले नाहीत. ते अजून त्या दाराकडे पाहत होते. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्यांनी चिनीत विचारलं, "मा लाओशी, इंदूरमध्ये मनाचे डॉक्टर आहेत का? माझ्याबरोबर याल?"